एक खोली, एक मोबाइल आणि वर्गातील नवी साधने

१९०४ साली मुंबईस आल्यावर सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी होते. त्या खोलीत दोघांना धड झोपण्यापुरतीही जागा नव्हती. मग अभ्यासाची काय कथा? रामजींनी त्यावर उपाय काढला. मुलाने लवकर झोपावे, आपण जागे राहावे, रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवावे आणि रिकाम्या झालेल्या जागी आपण अंग टाकावे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. दर जयंतीला ही हकिकत आपण परिश्रमाचे उदाहरण म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. आम्हा शिक्षकांना मात्र तीत आणखी काही दिसते. साधन एकच असेल, तर ते कोणत्या प्रहरी कोणाच्या वाट्याला येते, याचा विचार त्या पित्याने आधी केला.

शाळेत ऑनलाइन साधने आणताना नेमका हाच विचार राहून जातो, असे आमचे मत आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. वसतिगृहे रिकामी झाली आणि मुले आपापल्या घरी गेली. कोणी गावी, कोणी लालबागच्या चाळीत, तर कोणी नायगावच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत. मुंबईत आठवीपासूनचे वर्ग पुन्हा भरू लागले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी. मधल्या दीड वर्षात ठिकठिकाणी सकाळी दहाचा थेट तास भरत असे. त्या वेळी घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेलेला असे. रात्री नऊ वाजता तो मुलाच्या हाती येई, तेव्हा तास संपून गेलेला असे. हजेरीपटावर त्या मुलापुढे ‘गैरहजर’ एवढाच शब्द पडे. वस्तुतः तो हजर होता, त्याच्या वेळेला.

आता वर्ग नियमित भरतात, पण सवय उरली आहे. कोणते तरी नवे ॲप कानावर येते आणि शिक्षक उत्साहाने ते वर्गात आणतात. उत्साह हवाच, त्यावाचून शिक्षक कसला! तथापि ‘काहूट’सारखी प्रश्नमंजूषा घ्या. प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र हवे, इंटरनेट हवे आणि जो लवकर उत्तर देईल त्याला अधिक गुण. ज्याचा फोन जुना, तो उत्तर ठाऊक असूनही मागे पडणार. याउलट ‘प्लिकर्स’ पाहा. मुलांच्या हाती छापलेला कागदी पत्ता असतो. तो ज्या बाजूने उभा धरावा, त्याप्रमाणे अ, ब, क किंवा ड असे उत्तर ठरते. शिक्षक आपल्या एकाच मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणाला काय समजले नाही ते त्यांना कळते. शेजाऱ्याचे उत्तर कोणते, हे मुलांना सहजी ओळखता येत नाही. त्यामुळे लाजरे मूलही पत्ता वर धरते. चाळीस मुलांच्या वर्गाला एक फोन पुरतो.

अशी साधने थोडी नाहीत. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वाइमन यांनी २००२ साली सुरू केलेला ‘फेट’ हा प्रकल्प विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर करू देतो. त्यातले अनेक प्रयोग मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालतात. नववीच्या धाराविद्युत प्रकरणासाठी तारा, घट, दिवे जोडून मुले वाटेल तितक्या वेळा परिपथ मोडतात, पुन्हा जोडतात. फ्यूज काही उडत नाही! (खऱ्या तारांना हात लावण्याची गोडी निराळी, हे मान्यच.) माढा तालुक्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या कामामुळे. त्या चौकोनी ठशाचे मोल हेच की पुस्तक दिवसभर मुलाजवळ असते आणि मोबाइल येईल तेव्हा पाठ उघडतो.

काही पालक म्हणतात, प्रत्येक मुलाला टॅब द्यावा. मुंबई महापालिकेने २०१५ साली आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले होतेच. देणगीला आमचा विरोध नाही. पण अभ्यासक्रम बदलतो, बॅटरी थकते, काच फुटते. त्या वेळचा खर्च कोणी उचलावा, हे देतानाच ठरवावे लागते. दुसरे पालक म्हणतात, वसतिगृहात पडदाच नको. निजण्याच्या वेळी मोबाइल अधीक्षकांच्या कपाटात असावा, याविषयी आमचे दुमत नाही. मात्र दहावीनंतर दादर-परळच्या महाविद्यालयांत आमची मुले ज्यांच्या शेजारी बसतील, त्यांच्या हाताला ही साधने लहानपणापासून परिचित असतील. आमच्या मुलांनी ती तेथे प्रथमच पाहावीत काय?

म्हणून माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे पैशाचे नाही. संगणकाच्या क्षेत्रात असलेल्यांनी एक-दोन रविवार आमच्या शिक्षकांबरोबर बसावे. बालभारतीची पुस्तके, ‘फेट’चे प्रयोग आणि आमच्याच शिक्षकांच्या आवाजातील पाठ इयत्तावार एकेका मेमरी कार्डावर भरावेत. स्वस्तातल्या फोनवर ते चालतात का, हे तेथेच तपासावे. मे महिन्याच्या सुटीत मुले घरी निघतील, तेव्हा त्यांच्या दप्तरात हे कार्ड असावे.