मुक्ताईनगर शोधताना एदलाबाद सापडावे

मा. जिल्हाधिकारी, जळगाव, आणि मा. जिल्हाधिकारी, धुळे, यांस

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे बंधन घातले आहे; त्यामुळे अभिलेखांत सहज शोध घेता येणे ही नागरिकांवरची मेहरबानी नसून प्रशासनाचे थकलेले देणे आहे. राज्याच्या ‘आपले अभिलेख’ योजनेत जुने कागद स्कॅन करण्याचा प्रारंभ ज्या सात जिल्ह्यांपासून झाला, त्यांत धुळेही होते. मात्र स्कॅन केलेले पान यंत्राच्या लेखी नुसते चित्र असते, म्हणून शोधणाऱ्याला तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि सर्वे किंवा गट क्रमांक आधीच ठाऊक असावा लागतो; आणि ज्याला एवढे ठाऊक आहे, त्याचा निम्मा शोध तेथेच संपलेला असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग येथे दोन प्रकारे होतो: चित्रातील हस्ताक्षर ओळखून त्याचा मजकूर करणे, आणि अर्थाधारित शोध, म्हणजे शब्द तंतोतंत जुळला नाही तरी आशय जवळचा असलेले पान पुढे आणणे. खानदेशातील गावे तर जागची न हलता कागदोपत्री स्थलांतर करीत आली आहेत. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळे निघाले, धरणगाव एरंडोल तालुक्यातून बाहेर पडले, एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्वे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. एखाद्याने अहिराणीत ‘मन्हा आजाना नावनं वावर’ एवढेच विचारले, तरी यंत्राला या बदलांतून मागे जाता आले पाहिजे. त्यासाठी लागणारी जुन्या-नव्या नावांची कोष्टके तलाठी आणि भूमी अभिलेख कर्मचाऱ्यांच्या माहितीवाचून तयार होणार नाहीत.

जुन्या कागदांतील मोडी लिपीचा प्रश्न अधिक बिकट आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा दप्तरे हाताशी असूनही मोडी वाचणाऱ्यांची वाण जाणवली. या लिपीत अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. यंत्राला ती शिकवायची तर जाणकारांनी अचूक वाचलेली पाने लागतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यातच निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच मोडी कागद जतन करून आहे. यंत्रासाठी निविदा काढण्यापूर्वी धुळ्याच्या कचेरीतून तेथवर चालत जाता येते.

अशा शोधप्रणालीकडून अपेक्षा मात्र रेकॉर्ड रूममधील जुन्या कारकुनाच्या कामाची असावी: दप्तर बांधलेला रुमाल सोडावा, नेमके पान समोर ठेवावे आणि बाजूला व्हावे. वारस कोण, जात कोणती, हद्द कोठे, यांविषयी यंत्राने स्वतःच्या वाक्यांत निर्वाळा दिला, तर चुकीचे वाचनही सरकारी उत्तराच्या तोऱ्यात मिरवेल. म्हणून प्रत्येक निकालाशेजारी मूळ पानाचे चित्र दिसावे, वाचनातील संदिग्ध अक्षरे वेगळी दाखवावीत, आणि ‘नोंद आढळली नाही’ असे म्हणताना कोणती दप्तरे अद्याप वाचलेलीच नाहीत तेही सांगावे. एरवी न उघडलेला रुमाल नोंद नसल्याचा पुरावा ठरतो.

प्रारंभी प्रत्येक जिल्ह्यातील एकाच तालुक्याची फेरफार नोंदवही, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदल नोंदविणारा गाव नमुना सहा, घ्यावी, आणि त्या तालुक्यातील स्कॅन न झालेल्या दप्तरांची यादी काम सुरू होण्यापूर्वी तहसील कचेरीच्या फलकावर लावावी.

कळावे.