दिव्याची कळ कोणाच्या हाती?

नव्या घरांच्या सजावटीत सध्या एलईडी पट्ट्यांचे पेव फुटले आहे. दिवाणखान्यात पीओपीच्या खाचेत पट्टी, टीव्हीच्या मागे पट्टी, स्वयंपाकघरात ओट्यावरील कपाटांखाली पट्टी आणि आता तर देवघराच्या कमानीलाही पट्टी. याबद्दल कुरकुर करण्याचे काही कारण नाही. हा प्रकाश डोळ्यांत घुसत नाही, वीज कमी खातो आणि लहानशा खोलीलाही शोभा आणतो. आक्षेप आहे तो या पट्टीच्या आडून निमूटपणे घरात शिरणाऱ्या एका व्यवस्थेला. पट्टी घरात येते, तिची कळ मात्र घराबाहेर राहते. मोबाइलवर ॲप उतरवायचे, त्यात नाव आणि ई-मेल भरायचा, घराच्या वाय-फायचा पासवर्ड त्याच्या स्वाधीन करायचा, आणि मग कोठल्या तरी दूरच्या संगणकाने होकार दिला की आपल्या छताखालचा दिवा लागणार! याला म्हणे ‘स्मार्ट होम’ म्हणतात. भाजीवाल्याकडे मेथीची जुडी चार वेळा उलटून पाहणारा आपला मध्यमवर्ग या व्यवहारात एकही प्रश्न विचारीत नाही, याचे नवल वाटते.

मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. भिंतीवरच्या कळीपासून छतातल्या पट्टीपर्यंतचे अंतर फार तर दहा-बारा फूट. पूर्वी तांब्याची एक तार हे अंतर जोडीत असे. आता बोट मोबाइलवर पडते, आज्ञा राउटरमधून बाहेर पडते, कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तेथे आपले खाते तपासले जाते आणि मग ती त्याच वाटेने परत येऊन पट्टीच्या नियंत्रकाला सांगते की, मालकांची इच्छा आहे, आता लाग. काही उपकरणे मोबाइल त्याच वाय-फायवर असताना थेट बोलतात, हे खरे. परंतु पहिली जुळणी करताना आणि आवाजी आज्ञा देताना बहुतेकांना सर्व्हरची पायरी चढावीच लागते. बाजारातील स्वस्त मालाची तर ही जन्मजात सवय आहे.

“अहो, हल्ली इंटरनेट जाते कुठे?” असे विक्रेते हसून विचारतात. इंटरनेट जात नाही असे घटकाभर धरून चालू. सर्व्हर जातो त्याचे काय? रेव्हॉल्व्ह नावाचा घर नियंत्रित करणारा एक डबा अमेरिकेत सुमारे ३०० डॉलरला विकला जात असे. २०१४ मध्ये नेस्ट कंपनीने तो उद्योग विकत घेतला आणि १५ मे २०१६ या दिवशी त्याची सेवा बंद केली. डबा मोडला नव्हता, वीजही होती. कंपनीचा विचार बदलला एवढेच. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर ग्राहकांना आगाऊ सूचना न देताच बंद पडले. ॲप निकामी झाले. पण त्याच कंपनीच्या ज्या भिंतीवरच्या कळा दिव्यांशी थेट जोडलेल्या होत्या, त्या चालत राहिल्या, कारण त्या कोणालाही विचारायला जात नव्हत्या. पुढे जून २०२२ मध्ये काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन सेवा सुरू केली. दिवा लावण्यासाठी कंपनी विकत घेण्याची ऐपत आपल्यापैकी कितीजणांची आहे?

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल, तर २० ऑक्टोबर २०२५ आठवावा. त्या दिवशी आपल्याकडे नरकचतुर्दशी होती. दुपारी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील संगणककेंद्रांच्या समूहात बिघाड झाला आणि अलेक्सासह असंख्य सेवा जगभर अडखळल्या. बिघाड पूर्ण निस्तरेपर्यंत आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. दारातल्या पणतीला त्याचा पत्ताही नव्हता.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे, स्वदेशीकडे वळू. डब्यावर भारतीय कंपनीचे नाव आहे एवढे पाहून समाधान मानणाऱ्यांची संख्या आपल्यात मोठी आहे, आणि हे समाधान तपासून घेण्याची वेळ आली आहे. डबा उघडावा, आतील कागद वाचावा, ॲप उतरवल्यावर त्याच्या अटींमध्ये सेवा प्रत्यक्षात कोण पुरवतो ते पाहावे. अनेक नावांच्या मागे यंत्रणा एकच निघते आणि ती चीनमधील हांगझौ येथे मुख्यालय असलेल्या तुया या कंपनीची असते. खोका आपला, घोषणा आपली, कळ मात्र परक्याची! सर्व्हर भारतातच आहे, असे उत्तर यावर मिळते. वाडा आपल्या गावात असला, म्हणून किल्ल्या आपल्या कमरेला असतात असे नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्या निर्णयाचे आपण स्वागत केले आणि ते योग्यच होते. परंतु उद्या अशाच एखाद्या यादीत दिव्याचे ॲप आले, तर ज्याने चार खोल्यांचे छत त्याच्या भरवशावर सोडले आहे, त्याने बंदीचे स्वागत अंधारात बसून करायचे काय?

पट्टीचे सुटे भाग बाहेरून येतात हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणूनच एप्रिल २०२१ मध्ये वातानुकूलन यंत्रे आणि एलईडी दिवे यांच्या सुट्या भागांसाठी ६,२३८ कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना मंजूर झाली. कारखाने उभे राहण्यास वेळ लागतो, तो लागू द्यावा. कळ घरात ठेवण्यासाठी मात्र कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

येथे उजाला योजनेची आठवण होते. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. खेड्यातील आजीबाईंनीही ते सहज वापरले, कारण जुन्याच होल्डरमध्ये बल्ब बसला आणि जुन्याच बटणावर लागला. नवे तंत्र जुन्या सवयीच्या आड आले नाही. आजच्या ‘स्मार्ट’ घरांत नेमके उलटे घडते. सूनबाई मोबाइल घेऊन कार्यालयात गेलेल्या, आणि घरी सासूबाई अंधारलेल्या खोलीत बटण दाबीत बसलेल्या! किंवा त्यांनी बटण बंद केले म्हणून ॲपला पट्टी ‘सापडत नाही’, आणि त्यावरून संध्याकाळी घरात कुरबुर. दोष सासूबाईंचा नाही, बटणाला किंमत न देणाऱ्या जोडणीचा आहे.

मग पट्टी घ्यायचीच नाही काय? अवश्य घ्यावी, पण डोळसपणे घ्यावी. आधी पट्टीकडे पाहावे, नियंत्रणाकडे नंतर. दुकानदार प्रथम रंगांचा खेळ दाखवतो. लाल, हिरव्या, निळ्या रंगांची हौस आठवड्यात फिटते, आणि त्या तिन्ही रंगांच्या मिश्रणातून निघणारा पांढरा प्रकाश फिका व निळसर असतो. राहत्या घराला चांगला पांढरा प्रकाश लागतो. रंग हवेतच, तर स्वतंत्र पांढरी एलईडी असलेली पट्टी घ्यावी. दिवाणखान्यात व झोपण्याच्या खोलीत २,७०० ते ३,००० केल्विनचा उबदार, ओट्यावर ४,००० केल्विनच्या आसपासचा प्रकाश पुरेसा होतो. त्याहून महत्त्वाचा आकडा सीआरआयचा, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा. पांढरी एलईडी मुळात निळी असते. तिच्यावरील फॉस्फरच्या थरामुळे तिचा प्रकाश पांढरा भासतो. स्वस्त मालात या प्रकाशात तांबडा अंश तोकडा राहतो. मग देवघरातले कुंकू मळकट दिसते आणि पैठणीचा काठ ओळखू येत नाही. ९० किंवा त्याहून अधिक सीआरआय मागावा. दुकानदाराने हा शब्दच ऐकला नसेल, तर दुकान बदलावे. मुंबईच्या लोहार चाळीत काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, शेजारी दुसरे दुकान असतेच.

पुढचा प्रश्न व्होल्टचा. मीटरला साठ एलईडी असलेली प्रचलित पट्टी मीटरमागे १४.४ वॉट घेते. पाच मीटरला ७२ वॉट झाले. १२ व्होल्टवर त्यासाठी ६ अँपिअर प्रवाह लागतो, २४ व्होल्टवर ३ अँपिअर. प्रवाह निम्मा झाला की तांब्यातील ऊर्जेचा अपव्यय चौथ्या हिश्शावर येतो. १२ व्होल्टची लांब पट्टी शेवटाकडे मंद होत जाते, ती याच कारणाने. मोठ्या खोलीला २४ व्होल्ट घ्यावे, आणि लांबी अधिक असेल तर दोन्ही टोकांनी वीज द्यावी. ७२ वॉटच्या पट्टीला ७२ वॉटचाच ड्रायव्हर जोडणारा वायरमन आपले काम लवकर उरकतो आणि वर्षभरात पुन्हा येतो; येथे १०० वॉटचा लावावा. तो पीओपीत चिणून टाकू नये. हवा लागेल आणि हात पोहोचेल अशा जागी ठेवावा, कारण बहुधा पट्टीच्या आधी तोच जातो. त्यावर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक पाहावा. पट्टी नुसत्या प्लायवर न चिकटवता ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवावी, म्हणजे तिची उष्णता बाहेर जाते. ओट्यावर चकचकीत ग्रॅनाइट असेल, तर विरळ एलईडींचे ठिपके त्यात उमटतात. तेथे दाट पट्टी किंवा वरून दुधी आवरण हवे.

आता नियंत्रण. पहिला नियम असा की भिंतीवरची कळ राहिलीच पाहिजे, आणि तीही नुसत्या शोभेपुरती नव्हे. आपल्याकडील बोर्डावर साधारणतः सॉकेटही असते, त्यामुळे न्यूट्रल तार तेथे आलेली असते. ही सोय असल्याने बोर्डामागे छोटे रिले मॉड्यूल बसवता येते, जे जुन्या बटणानेही चालते आणि दुरूनही. प्रकाश कमी-जास्त करायचा असेल, तर ते काम ड्रायव्हर आणि पट्टी यांच्यामधील नियंत्रकाकडे द्यावे आणि बटणाचा इशारा त्याच्यापर्यंत पोहोचेल अशी जोडणी वायरमनकडून करून घ्यावी. दुसरा नियम, आज्ञा घरातल्या घरात फिरली पाहिजे. झिगबी नावाची बिनतारी पद्धत वाय-फाय किंवा इंटरनेटशिवाय चालते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या मानकातही आज्ञा घरातच पोहोचवण्याची तरतूद आहे. २०१३ पासून विकसित होत आलेली होम असिस्टंट ही मुक्त प्रणाली एखाद्या छोट्या संगणकावर घरात बसते आणि इंटरनेटची तार काढली तरी दिवे लावते. एलईडी पट्ट्यांसाठी डब्ल्यूएलईडी ही अशीच मुक्त प्रणाली आहे. आपल्या शाखांमध्ये, वस्त्यांमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी कमी नाहीत. एका शनिवार-रविवारी हे काम ते करून देतील आणि शिकतीलही.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. डब्ल्यूएलईडी ज्या ईएसपी-३२ चिपवर चालते, ती शांघायच्या कंपनीची आहे. मग स्वदेशी कोठे उरली? आक्षेप खरा आहे आणि तो दडवण्याचे कारण नाही. चिप उद्या भारतात बनो, अशीच आपली इच्छा आहे. परंतु त्या चिपमधील प्रणाली कोणालाही वाचता येते, ती कोणाकडे खाते मागत नाही, आणि कंपनी उद्या बंद पडली तरी बसवलेला दिवा लागतच राहतो. उलट, देशी नावाचा पण परक्या सर्व्हरवर जगणारा दिवा त्या दिवशी विझतो. या दोहोंत अधिक परावलंबी कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

नव्या गृहसंकुलांत ‘स्मार्ट’ सदनिका विकणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांना तर लेखी प्रश्न विचारले पाहिजेत. ताबा दिल्यावर यंत्रणेचे मुख्य खाते कोणाच्या नावावर राहील? सेवेची वर्गणी किती वर्षांनी सुरू होईल? घर विकले तर जुन्या मालकाच्या मोबाइलवरून नव्या मालकाचे दिवे लागतील काय? गालिचा आणि नळ यांची कंपनी माहितीपत्रकात ठळक छापणारे हे लोक या प्रश्नांवर मात्र गप्प बसतात. गृहनिर्माण संस्थेच्या पहिल्याच सभेत हा विषय पटलावर घ्यावा. आणखी एक गोष्ट आपल्या भागात विसरून चालणार नाही. रात्री दोन वाजता गेलेली वीज परत आली की अनेक पट्ट्या एकदम पूर्ण तेजाने पेटतात आणि घर जागे होते. वीज परतल्यावर पूर्वीचीच स्थिती राखण्याची सोय नियंत्रकात आहे की नाही, ते आधी विचारावे.

दुकानात करण्याची परीक्षा सोपी आहे. पट्टी लावून दाखवायला सांगावी आणि मग दुकानदाराला राउटरची इंटरनेटची तार काढायला सांगावी. त्यानंतरही बटणाने दिवा लागला, मंद झाला, विझला, तर पैसे मोजावेत. दुकानदार तार काढायला कां कू करू लागला, तर डबा तेथेच ठेवून यावा.