तोफेमागील शौर्य

दि. २१ डिसेंबर १८१७ रोजी शिप्राकाठी महिदपूर येथे होळकरांच्या तोफखान्याने इंग्रज सेनापती हिस्लॉप आणि माल्कम यांच्या फौजेचे सुमारे आठशे लोक ठार वा जखमी केले, आणि घोडदळ-पायदळाचा धीर खचल्यावरही गोलंदाज तोफांपाशी प्राण जाईपर्यंत उभे राहिले, ही साक्ष खुद्द प्रतिपक्षाने नोंदवून ठेविली आहे. तथापि १८५१ साली या लढाईच्या नावाची पट्टी असलेले पदक मंजूर झाले ते विजेत्यांसाठी. आमच्या इंदूरच्या दौलतीसाठी लढलेल्या त्या गोलंदाजांपैकी रोशन बेग या सरदाराखेरीज क्वचितच कुणाचे नाव आज घेतले जाते.

पराजिताची उपेक्षा समजू शकते. परंतु विजयी तोफखान्याचेही शौर्य पदकांच्या दृष्टीस सहसा पडत नाही. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशातील कलादान खोऱ्यात हवालदार उमरावसिंग यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, त्या पराक्रमाचा कळस होता तोफेजवळच्या लोखंडी पहारेने केलेली हातघाई. कारगिलमध्ये १९९९ साली तोफखान्याने सुमारे अडीच लक्ष गोळे व अग्निबाण डागून शिखरांचा मार्ग मोकळा केला, पण चारही परमवीरचक्रे पायदळाकडे गेली. वायुदलाचे एकमेव परमवीर निर्मलजितसिंग सेखों यांचा सन्मानही १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात अनेक सेबर विमानांशी त्यांनी एकट्याने दिलेल्या झुंजीचा आहे.

कारण उघड आहे. परमवीरचक्राचा नियम शत्रूच्या समक्ष केलेल्या असामान्य कृत्याची अपेक्षा करितो. आणि शत्रूच्या प्रतिमाऱ्याखाली नेम धरणारा, गोळा भरणारा व पायदळासोबत चढून माऱ्याचे स्थळ कळविणारा अधिकारी, या सर्वांचे धैर्य मिळून एकच कृत्य होते, त्याची वाटणी करिता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या १५ वीरचक्रांपैकी ९ वायुदलास मिळाली, यावरून दुरून लढणाऱ्यांची दखल आता अधिक घेतली जाऊ लागली आहे, असे मानावयास आधार मिळतो.

म्हणून माझे स्पष्ट म्हणणे असे की, व्यक्तीस पदक देताना कसोटी कठोरच असावी. परंतु काही तोफखाना रेजिमेंटांना ‘कारगिल’ हा जो सामूहिक बहुमान मिळाला, त्यास शासनाने व समाजाने परमवीराइतकीच प्रतिष्ठा द्यावी, त्याची हकिकत शाळांतून शिकवावी, आणि महूची छावणी शेजारी असलेल्या इंदुराने महिदपूरच्या अनाम गोलंदाजांचा स्मरणदिन दरवर्षी पाळून त्याचा आरंभ करावा.

— ‘सेनानिरीक्षक’, इंदूर