आगोटीचा विसर

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कोकणपट्टीतील घराघरांत आगोटीची बेगमी चाले. छप्पर शाकारून घ्यायचे, सरपण आडोशाला रचायचे, तांदूळ, डाळी, कांदे, सुकी मासळी यांची साठवण करायची. पाऊस आपल्याला कित्येक दिवस घरात कोंडून ठेवणार हे गृहीत धरूनच संसाराची मांडणी होत असे. त्यात कोणाला भित्रेपणा वाटत नसे आणि ‘आपत्ती व्यवस्थापन’ हे भारदस्त नावही त्या उद्योगाला कोणी दिले नव्हते. वर्षाच्या इतर कामांपैकी ते एक काम होते, एवढेच.

या पट्टीवरचे तुळिंज आता गाव राहिलेले नाही. नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेला, एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या इमारतींची आणि चाळींची ती वस्ती आहे. डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आला, जिन्याखाली वाण्याचे दुकान आले, आणि आगोट कालबाह्य झाली असा आपला समज झाला. हा समज किती पोकळ आहे हे जुलै २०१८ मध्ये दिसून आले. सलग पावसाने वसई, नालासोपारा, विरार जलमय झाले. दहा जुलैला नालासोपाऱ्याचे रेल्वेरूळ पाण्याखाली गेले आणि लोकलगाड्या थांबल्या. वीजयंत्रणेतच पाणी शिरल्याने अपघात टाळण्यासाठी महावितरणला वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला वसईची खाडी अशा खोलगट प्रदेशात पाणी साचणे हा निसर्गक्रम आहे. पाणथळ जागा बुजवून आपण तो अधिक बिकट केला आहे. तेव्हा असा दिवस पुन्हा उगवणारच नाही, असे कोण म्हणेल?

वीज गेली म्हणजे दिवा विझला, अशी आपली जुनी कल्पना आहे. प्रत्यक्षात आपल्या संसाराच्या किती गोष्टी त्या एका तारेला टांगलेल्या आहेत, याचा हिशेब आपण कधी मांडलेलाच नाही. सूर्या योजनेचे पाणी मासवण येथे पंपांनी उचलले जाते; तेथील वीज गेली की वसई-विरारचा पाणीपुरवठा विस्कळीत होतो. ते पाणी इमारतीच्या तळटाकीत पोहोचले तरी गच्चीवरच्या टाकीत चढवायला पुन्हा पंपच लागतो. लिफ्ट थांबली की वरच्या मजल्यावरचा रुग्ण अडकतो. मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपल्या की दूरध्वनी मुका होतो, आणि त्याबरोबर त्याच्यात साठवलेला आपला पैसाही. रेल्वे बंद, म्हणजे कमावता माणूस मुंबईतच अडकलेला. पाणी, जिना, निरोप, पैसा आणि माणूस या पाचही गोष्टी एकाच वेळी हातातून निसटतात, हे या काळाच्या अंधाराचे खरे स्वरूप आहे.

हे केवळ उपनगराच्या टोकाला घडते असेही नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग वीजहीन झाला. अशा प्रसंगी मुंबईला राज्याच्या जाळ्यापासून अलग करून तिचा पुरवठा चालू ठेवण्यासाठी उभारलेली यंत्रणा त्या दिवशी कामास आली नाही. जिच्यावर सर्वाधिक खर्च आणि लक्ष, त्या नगरीची ही अवस्था. मग तुळिंजच्या रहिवाशाने कोणाच्या भरवशावर निश्चिंत राहावे?

ज्यांची ऐपत आहे ते इन्व्हर्टर विकत घेतात आणि तयारी पुरी झाली असे मानतात. हिशेब करून पाहावा. दीडशे अँपिअर-तासांची, बारा व्होल्टची नेहमीची बॅटरी दोन साधे पंखे आणि तीन एलईडी दिवे जेमतेम पाच-सहा तास चालवील. ती जुनी असेल तर त्याहूनही कमी. भारनियमनाच्या दोन-तीन तासांसाठी हे साधन उत्तम आहे, दीड-दोन दिवसांच्या पुरापुढे ते टिकत नाही. तळमजल्याच्या घरात ते जमिनीवर ठेवलेले असेल तर पुराच्या पाण्यात प्रथम तेच जाईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संकट येते तेव्हा घरातला कर्ता माणूस बहुधा घरी नसतो. नोकरदारांच्या या वस्तीत दुपारी घरी असतात ते आजी-आजोबा आणि शाळेतून आलेली मुले. म्हणून तयारी अशी हवी की ती सत्तरीच्या आजीला आणि दहा वर्षांच्या नातीला वापरता आली पाहिजे. तिला फार खर्च लागत नाही. पिण्यासाठी माणशी रोज तीन लिटर धरले तर चौघांच्या घराला तीन दिवसांसाठी छत्तीस लिटर पाणी लागते; झाकणाचे दोन-तीन डबे पावसाळाभर भरलेले ठेवावेत आणि ते पाणी आलटून-पालटून वापरावे. मेणबत्तीने आग लागण्याचा धोका असतो. त्याऐवजी बॅटरी आणि तिचे जादा सेल नेहमीच्या ठरलेल्या जागी असावेत. आठवड्याची औषधे, थोडे सुटे पैसे, न शिजवता खाता येईल असे काही, आणि महत्त्वाची कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत उंचावर. भिंतीवर कागदावर ठळक अक्षरांत चार क्रमांक: पोलीस व तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१ आणि विजेच्या तक्रारीसाठी १९१२. त्यांच्याखाली आई-वडिलांचे आणि दोन शेजाऱ्यांचे क्रमांक. मोबाइल बंद पडल्यावर आज कित्येकांना स्वतःच्या पत्नीचा क्रमांकही आठवत नाही!

तथापि घरोघरची तयारी इमारतीच्या तयारीवाचून लंगडी आहे. अनेक इमारतींत विजेचे मीटर तळमजल्यावर, जिन्याखाली, गुडघाभर उंचीवर बसवलेले दिसतात. पाणी चढले की तोच कोपरा सर्वांत घातक ठरतो. अशा वेळी कोणी तेथे पाय घालू नये. बाहेरूनच वीजपुरवठा बंद करण्यास कळवावे. पण ते मीटर पावसाळ्यापूर्वीच वर उचलून घेण्याची मागणी सोसायटीने लेखी का करू नये? इमारतीत ऑक्सिजनवर, इन्सुलिनवर कोण आहे, एकटी वृद्धा कोणत्या खोलीत राहते, याची यादी एका कागदावर मावते. ती करायला कोणाची परवानगी लागत नाही. शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसलेल्या वस्तीत मात्र ती यादी कधीच होत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, हे सारे सरकारचे, महापालिकेचे आणि वीज कंपनीचे काम आहे. नागरिकाच्या गळ्यात ते घालणे म्हणजे त्यांना मोकळे सोडणे होय. आक्षेपात तथ्य आहे. नाले साफ करणे, उपकेंद्रे पाण्याच्या पातळीवर उचलणे, नैसर्गिक प्रवाह मोकळे ठेवणे ही कामे कोणत्याही गृहिणीला डबे भरून करता येणार नाहीत. २००९ मध्ये महानगरपालिका आली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. त्यांनी जाब दिलाच पाहिजे. पण तयारी म्हणजे शरणागती नव्हे. २००३ च्या वीज कायद्याने पुरवठ्याची मानके ठरवण्याची आणि ती न पाळल्यास भरपाई देण्याची तरतूद केली आहे. ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचापुढे जायचे तर वीज कधी गेली आणि कधी आली, याची नोंद हवी. जी वही संकटात उपयोगी पडते, तीच तक्रारीत पुरावा होते. बेसावध माणूस अंधारात नुसता चडफडतो आणि दिवे लागताच सारे विसरतो. प्रशासनाला तोच अधिक सोयीचा असतो.

याच जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले आणि कडाक्याच्या थंडीत माणसे घराबाहेर झोपू लागली. संकट कोणत्या वाटेने येईल हे सांगता येत नाही. पाणी, प्रकाश, औषध, निरोप आणि शेजार यांची गरज मात्र प्रत्येक वेळी तीच असते. शिक्षकांनी मे महिन्याच्या सुटीपूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक पान लिहून घ्यावे: आपल्या घराचा मुख्य स्विच कोठे आहे, तो कोरड्या हाताने कसा बंद करावा, आणि आई-बाबा घरी पोहोचू शकले नाहीत तर कोणाचे दार ठोठवायचे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलाला देता आले नाही, तर ते शोधण्यासाठी पालकांच्या हाती पाऊस पडेपर्यंतचे थोडेसे दिवस उरलेले असतील.