झाकलेली मूर्ती, उघडे मन



प्रायश्चित्तकाळाच्या अखेरीस देवळातील मूर्तींवर जांभळे वस्त्र घातले, की घरातील लहान मूल विचारते, "देव कुठे गेला?" आपण सांगतो, "बाळा, देव आहे तेथेच आहे. आता त्याला मनाने पाहा." या प्रश्नोत्तराची आठवण करून देणारे एक प्रार्थनामंदिर अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी आहे.

जॉन व डॉमिनिक दि मेनील या कॅथलिक दांपत्याने १९६४ साली त्याच्या चित्रांचे काम मार्क रॉथको यांच्याकडे सोपविले. रॉथको जन्माने यहुदी. बालपणीच रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेले. त्यांनी मंदिराच्या अष्टकोनी दालनासाठी चौदा भव्य चित्रे रंगविली. क्रुसाच्या वाटेची स्थानेही चौदाच; परंतु येथे ना क्रूस, ना पिलात, ना शोकाकुल माता. केवळ काळा आणि काळसर जांभळा रंग!

प्रथम पाहणाऱ्यास वाटते, यात पाहण्यासारखे ते काय? परंतु बाकावर स्वस्थ बसावे. छतातून उजेड झिरपतो, वर ढग सरकतो, आणि काळ्यातून हळूहळू तांबूस छटा उमलते. अमूर्त चित्रकलेचे मर्म हेच. चेहऱ्याला आकार असतो. पश्चात्तापाला, विरहाला, देवाच्या ओढीला आकार कोठून असणार? ओळखीचे आकार दूर सारले, की पाहणाऱ्याची गाठ स्वतःच्याच अंतरात्म्याशी पडते.

दुर्दैव असे, की पूर्ण झालेले मंदिर रॉथको यांनी पाहिलेच नाही. १९७० च्या फेब्रुवारीत त्यांनी आपल्याच हाताने जीवन संपविले. पुढील वर्षी मंदिर सर्व धर्मांच्या लोकांसाठी उघडले. जो स्वतः अंधारात बुडाला, त्याने इतरांना काय द्यावे, असे कोणी विचारील. मला वाटते, त्याने अंधार लपविला नाही, हेच त्याचे देणे. त्याच्यासमोर अनोळखी माणसे एकमेकांशेजारी मूकपणे बसली. आपले दुःख घेऊन आलेला तेथे एकटा उरला नाही.

आपल्याही घरात कोणी अबोल होऊन बसलेले असते. त्याच्या दुःखाला शब्द नसतात, आणि आपण मात्र उपदेशाची घाई करतो. आधी त्याच्याजवळ बसू या, त्याला एकटे सोडू नये. वस्त्राआडच्या देवावर आपण विश्वास ठेवतो. तसाच, मौनाआडच्या माणसावरही ठेवू या.