गाडी पाऊण तास थांबेल

प्रवासात थांबण्याची कला आपण अलीकडे पार हरवून बसलो आहोत. पूर्वी एस्. टी. एखाद्या स्थानकात शिरली, की कंडक्टर दारातूनच ललकारी, "गाडी दहा मिनिटं थांबेल!" त्या दहांची हमखास वीस होत. मुले भज्यांच्या पुड्यांभोवती जमत, बायका तांब्या भरून घेत, म्हातारी माणसे नुसतेच पाय मोकळे करीत. आणि त्या वीस मिनिटांवर चहावाला, पेरूवाली, पानपट्टीवाला अशा किती घरांच्या चुली पेटत!

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मंचर, नारायणगाव, आळेफाटा या गावांनी हे वैभव उपभोगले आहे. पुढे मोटारी घरोघर आल्या. पंपावर पाच मिनिटांत पेट्रोल मिळू लागले. आणि अलीकडे मंचरला नि नारायणगावला बाह्यवळण रस्ते झाले. वाहतुकीच्या कोंडीतून गावे सुटली, हे खरेच. पण कोंडीबरोबर गिऱ्हाईकही सुटले. आता नारायणगाव कधी मागे पडले, हे मोटारीतल्या माणसाला कळतही नाही.

अशा वेळी रस्त्यावर विजेची मोटार अवतरली आहे. १ जून १९४८ रोजी पहिली एस्. टी. पुण्याहून अहमदनगरला गेली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी महामंडळाची विजेवरची गाडी धावली. तिचे नाव 'शिवाई'. ही शिवाई म्हणजे जुन्नरच्या शिवनेरीवरची देवी, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

या विजेच्या वाहनाचा एक स्वभाव आहे, वाचकहो. ते पेट्रोलसारखे घटाघटा पीत नाही, घोट घोट घेते. तीस युनिटांची बॅटरी घरच्या साध्या जोडणीवर भरायला नऊ-दहा तास घेते. जलद यंत्रावर ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचायला साधारण पाऊण तास ते तास. ऐंशीच्या पुढे तर ती पोट भरलेल्या मुलासारखी रेंगाळते. 'चार्जिंग'ला मराठीत 'भारण' म्हणावे की आणखी काही, यावर आम्ही मराठीची प्राध्यापक मंडळी वाद घालायला बसलो, तर तेवढ्या वेळात एक गाडी सहज भारून होईल!

हा पाऊण तास कुणाचा, हा खरा प्रश्न आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करावी, असे म्हटले आहे. या हिशेबाने आंबेगाव-जुन्नरच्या वाट्याला एकदोन जागा तरी येतीलच. त्या बाह्यवळणावरच्या एखाद्या चकचकीत आवारात गेल्या, तर पाऊण तासही तिथेच खर्च होईल आणि पुण्या-मुंबईत मिळतो तोच चहा दुप्पट भावाने प्यावा लागेल. पण तेच यंत्र गावातल्या खानावळीच्या अंगणात असले तर? मासवडी आणि बाजरीची भाकरी जेवायला पाऊण तास लागतोच. लेण्याद्रीचेच घ्या. तीनशेच्या घरात पायऱ्या चढायच्या, गणपतीचे दर्शन घ्यायचे, लेणी पाहायची नि उतरायचे. तेवढ्यात खाली गाडी तयार! पायथ्याच्या पेढेवाल्याची आणि बचत गटाच्या बायकांच्या पापड-मसाल्यांचीही विक्री होईल.

यात नवे काही नाही. कल्याण-सोपाऱ्याकडचा माल नाणेघाटातून जुन्नरला नि पुढे पैठणला जाई, तेव्हा घाटमाथ्यावर जकात द्यावी लागे (तिचा म्हणून दगडी रांजण आजही दाखवतात) आणि जवळच खडकात खोदलेल्या टाक्यांचे पाणी मिळे. जुन्नरच्या लेण्यांतला एक शिलालेख सांगतो, की धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पाण्याचे टाके दान दिले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या धान्यवाल्यांना जे सुचले, ते आजच्या व्यापारी संघाला का सुचू नये? पाणपोईसारखी वीजपोई, फरक इतकाच, की हिचे पैसे घ्यायचे. कायद्याचीही आडकाठी नाही. गाडी भारून देणे ही विजेची विक्री नव्हे, ती सेवा आहे, तिला वीजविक्रीचा परवाना नको, असे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. योग्य दाबाची जोडणी नि यंत्राची नीट देखभाल एवढे मात्र हवे.

दोन गोष्टींचे भान ठेवावे लागेल. अडकलेल्या गिऱ्हाइकाला शिळा वडा खपवण्याची काही थांब्यांची जुनी खोड पुन्हा जडली, तर पुढच्या वेळी ते गाव चुकवूनच जाईल. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. याच दोन तालुक्यांत उसात बिबट्यांचा वावर आहे, आणि रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी जीव मुठीत धरून बांधावर उभा असतो. दिवसा वीज द्या, हे त्याचे मागणे आहे. आपल्या मोटारी ऐटीत वीज पिताहेत आणि तो अंधारात बॅटरी घेऊन उभा आहे, हे चित्र शोभणारे नाही. त्याच्या पंपाची सोय आधी लागली पाहिजे. खानावळीच्या छपरावर सौर तावदाने बसवली, तर तिचा भारही थोडा हलका होईल.

दिवाळीच्या सुटीत तुमच्यापैकी कित्येक कुटुंबे ओझर-लेण्याद्रीला निघतील. विजेची गाडी असेल, तर ती भारायला लावून काचा वर करून टक्के मोजत बसू नका. मुलांना घेऊन बाजारात एक फेरी मारा. टोमॅटो घ्या, द्राक्षांचा हंगाम कधी ते विचारा, उधळपट्टी वाटली तरी दोन पेढे जास्त घ्या. पाऊण तास जाईल खरा. पण नारायणगाव कुठे आहे, हे तरी मुलांना कळेल.