विश्लेषण : खासगी जेट विमानांचे लँडिंग धोक्याचे का ठरते? नियामक कुठे कमी पडतात?

सप्टेंबर 2023 मध्ये विशाखापट्टणमहून आलेले लिअरजेट 45 विमान मुंबईत मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीवरून घसरले. दृश्यमानता 700 मीटर होती. विमानातील आठही जण वाचले. मात्र अमेरिकेतील ॲक्रन येथे 2015 मध्ये उतरू पाहणाऱ्या जेटमधील नऊ जणांपैकी कोणीही वाचले नाही. वैमानिकांच्या चुकांमागे कंपनी आणि नियामक यांची ढिलाई कशी असते, हे त्या अपघाताच्या चौकशीतून पुढे आले.

ॲक्रनमध्ये काय घडले?

10 नोव्हेंबर 2015 रोजी हॉकर 700 जातीचे चार्टर जेट ओहायो राज्यातील डेटनहून ॲक्रनकडे निघाले. विमानात दोन वैमानिक आणि सात प्रवासी होते. ॲक्रनवर ढग खाली उतरले होते. प्रवासी असताना विमान कॅप्टनने चालवायचे, अशी कंपनीची पद्धत होती. पण त्या दिवशी ते सहवैमानिकाच्या हाती होते. पंखांवरील फ्लॅप वेळेआधीच पूर्ण उघडल्याने वेग घटत गेला. त्यातच विमान ठरवून दिलेल्या किमान उंचीच्याही खाली आले. अखेर ‘स्टॉल’ झाला, म्हणजे पंखांना मिळणारी उचल संपली. धावपट्टीपासून सुमारे तीन किलोमीटरवरील निवासी इमारतीवर विमान कोसळले. सुदैवाने त्या वेळी घरांत कोणी नव्हते.

विमान पुन्हा वर का नेले नाही?

उतरताना वेग, दिशा, फ्लॅप आणि खाली येण्याचा दर हे सारे वेळेत जुळून यावे लागते. याला ‘स्टेबल ॲप्रोच’ म्हणतात. ढगांतून उतरताना साधारण 1000 फुटांवर हे जुळलेले नसेल, तर उतरण्याचा हट्ट सोडून विमान पुन्हा वर न्यायचे, म्हणजे ‘गो-अराउंड’ करायचे. ॲक्रनमध्ये कॅप्टनने सहवैमानिकाला सावध केले, पण विमान वेळेत स्वतःच्या ताब्यात घेतले नाही.

चौकशीत काय आढळले?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) 2016 मध्ये निष्कर्ष मांडले. वैमानिकांच्या चुकांबरोबरच कंपनीची नियमांबाबतची बेफिकिरी, भरती आणि प्रशिक्षणातील त्रुटी यांवर मंडळाने बोट ठेवले. दोन्ही वैमानिकांना आधीच्या नोकऱ्यांतून प्रशिक्षणाशी संबंधित कारणांवरून काढण्यात आले होते. कंपनीकडे औपचारिक सुरक्षा कार्यक्रमच नव्हता. या कंपनीचे प्रशिक्षण आणि उड्डाणे यांवर फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनची (एफएए) देखरेख अपुरी होती, असेही मंडळाने नमूद केले.

चार्टर कंपन्यांना नियम वेगळे का?

अमेरिकेत मोठ्या विमान कंपन्यांना सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली (एसएमएस) 2015 च्या नियमाने सक्तीची झाली. धोके आधीच हेरणे, त्यांची नोंद ठेवणे आणि उपाय करणे, हा तिचा गाभा. चार्टर कंपन्यांना मात्र ती ऐच्छिक राहिली. ॲक्रननंतर एनटीएसबीने चार्टर कंपन्यांनाही ही प्रणाली आणि उड्डाणांच्या नोंदींची नियमित छाननी सक्तीची करण्याची शिफारस केली. एसएमएस सक्तीचा नियम एप्रिल 2024 मध्ये आला. पूर्ततेची मुदत मे 2027 पर्यंत. नऊ मृत्यूंपासून नियमापर्यंत आठ वर्षांहून अधिक काळ गेला.

भारतासाठी धडा काय?

भारतात चार्टर कंपन्यांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) ‘नॉन-शेड्यूल्ड’ वर्गात परवाना देते. राजकीय नेते, उद्योजक आणि रुग्ण अशा विमानांनी प्रवास करतात. अनेक छोट्या धावपट्ट्यांवर वैमानिकाला उतरण्याचा अचूक मार्ग दाखवणारी ‘आयएलएस’ यंत्रणा नसते. तेथे वैमानिकाच्या निर्णयावरच भिस्त असते आणि ‘वेळेत पोहोचायचेच’ हा दबाव त्या निर्णयावर पडू शकतो. त्यामुळे कागदपत्रे तपासून भागत नाही. प्रत्यक्ष उड्डाणांची पाहणी, नोंदींची छाननी आणि माघारी फिरणाऱ्या वैमानिकाला जाब न विचारण्याची कंपनीची तयारी, हे नियामकाने पाहायला हवे. सभा किंवा बैठक चुकली तर ती पुन्हा घेता येते, हे प्रवाशांनीही मान्य करायला हवे.